मुलगी काय म्हणाली?

समुपदेशनातल्या, म्हणजे काउन्सेलिंगच्या एम.ए.चं दुसरं वर्ष होतं. आठवड्यातले चार दिवस मुंबई विद्यापीठात, कलिन्याला. दोन दिवस वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव. समुपदेशनाची खोली म्हणजे जिमखान्याचं जुनं गोदाम. कॅरमबोर्ड अजून भिंतीला टेकलेले होते.

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस. एक माथाडी कामगार लेकीला घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) थेट कांदा-बटाटा मार्केटातून आले होते, शर्टाच्या खिशाला कांद्याचं जांभळं साल चिकटलेलं. मुलीला आर्ट्स घेऊन पुढं सायकॉलॉजी करायचं होतं आणि मी तिला कॉमर्सकडे वळवावं अशी वडिलांची अपेक्षा. दोघांना विचारून मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"किती वर्षं?"

"बारावीनंतर बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन."

"मग डॉक्टर होणार?"

नाही, म्हटलं. औषध लिहून देतात ते सायकिअ‍ॅट्रिस्ट, ते आधी एमबीबीएस करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर वेगळं प्रशिक्षण आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. मी शिकतेय ते काउन्सेलिंग. शाळा-कॉलेजं, कंपन्या, संस्था, 14416 सारख्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइन, नाहीतर स्वतःची प्रॅक्टिस.

"घरबसल्या होतं का? म्हंजे दुकानात नोकरी करून?"

तेही आता नाही. 2025 च्या जुलै-ऑगस्टपासून यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत.

त्यांनी मान हलवली. "पाच वर्षं गोणी पाठीवर घ्यायची, आन उतरवायची कुठं ते ठरल्यालं न्हाई." मग शांतपणे, "मॅडम, तुमाला हितं किती मिळत्यात?"

एक रुपयाही नाही. उलट कुर्ल्याला उतरून कलिन्याच्या बसचे पैसे माझेच. ते सांगताना माझे कान तापले आणि तिथून मी जी सुटले ती थांबलेच नाही. विषयाची वकिली करत होते की स्वतःची, देव जाणे.

शनिवारी सुपरव्हिजन, म्हणजे माझ्या कामाची मार्गदर्शक मॅडमकडून तपासणी. सेशनचं व्हर्बेटिम, म्हणजे शब्दन् शब्द उतरवलेला कागद, मॅडमनी चाळला आणि विचारलं, "मुलगी काय म्हणाली?"

मी मोजलं. वडील एकतीस वेळा बोलले होते, मी चौतीस. मुलगी दोनदा. पहिल्यांदा "नमस्कार मॅडम". दुसऱ्यांदा, वडील सांगत होते, "टेन्शन-बिन्शन आपल्याला म्हाईत न्हाई, नवाला पडायचं, अडीचला उठायचं," तेव्हा ती म्हणाली होती, "झोपता कुठं तुम्ही."

त्यापुढे माझं वाक्य होतं: "बरं, आपण फीचं बघू." त्याच्याआधी कंसात, माझ्याच अक्षरात: हसून.

समोरच्याचं मनापासून ऐकण्यावर भर देणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, त्यांच्यावर पहिल्या सेमिस्टरला मी दहा पानं लिहिली होती. मार्कही चांगले पडले होते.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून कागद परत दिला.

सोमवारी कॉलेजच्या ऑफिसमार्फत मी निरोप धाडला: प्रवेशाचं राहू दे, सहज येऊन जा. ती बुधवारी आली, एकटीच. दारातच थांबली. टेबलावरच्या माझ्या मोबाइलकडे बघत म्हणाली, "तो बंद आहे ना?"

मी तो बॅगेत टाकला. ती कॅरमबोर्डाजवळच्या खुर्चीवर बसली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मीही नाही.

"बाबांना सांगणार नाही ना, मॅडम?"