उक्षीचं क्रॉसिंग आणि आपली रेलफॅन मंडळी

पावसाळ्यात कोकणात जायचं तर मी मुद्दाम पॅसेंजरच पकडतो. सिंगल लाईन असल्यामुळे क्रॉसिंगला, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला, थांबावं लागतंच, आणि तेवढ्यात स्टेशन नीट बघून होतं. यावेळी उक्षीला आमची गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतली. डोंगर हिरवागार, रानपाटचा धबधबा जवळच, त्यामुळे कॅमेरेवाले आधीच जमलेले. मला वाटलं चला, आपल्यासारखीच रेल्वेवेडी, रेलफॅन माणसं भेटली.

समोरून एक्सप्रेस येणार होती, करबुड्याचा ६.५ किलोमीटरचा बोगदा पार करून. पॉइंट्समन, म्हणजे स्टेशनवरचा रेल्वे कर्मचारी, हिरवा झेंडा घेऊन उभा. हा माणूस तिथे शोभेला उभा नसतो हो! जाणाऱ्या गाडीला काही लटकतंय का, चाकांतून धूर येतोय का हे बघायचं, काही दिसलं तर लगेच गाडी थांबवायची खूण करायची, सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा. आणि आपले चार-पाच पोरगे ट्रायपॉड घेऊन बरोब्बर त्याच्यासमोर! एक तर खाली खडीत उतरून बसलेला. वर त्यालाच सांगतायत, "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." तो मागे व्हा म्हणाला तर "दोनच मिनिटं."

गाडी आली, लोको पायलटनं लांबलचक हॉर्न दिला आणि ही पोरं आपल्यासाठीच वाजवला म्हणून ओरडायला लागली. मला खरंच राग आला. अरे, रुळाजवळ माणूस दिसला की लोको पायलटच्या पोटात गोळा येतो, तो हॉर्न त्याचा आहे!

रुळात उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, ते एक झालंच. पण २०२२ मध्ये सगळा मार्ग इलेक्ट्रिक झाला तरी डिझेलच्या काळातल्या सवयी जात नाहीत, लांब सेल्फी स्टिक वर धरतात, कोणी मालगाडीच्या उभ्या वाघिणीवर चढतं. वर २५,००० व्होल्ट आहेत, तारेला हातच लागायला पाहिजे असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसतो. आणि चढणाऱ्या आजीला टोपली घेऊन बाजूला हो म्हणणं, लोको पायलटच्या डोळ्यावर फ्लॅश मारणं, हे कुठल्या छंदात बसतं?

मी जाऊन बोललो त्यांच्याशी, जरा चिडूनच. एकानं तोंड फिरवलं, पण बाकीच्यांनी ट्रायपॉड उचलून मागे भिंतीला लावले आणि खडीतला पण वर आला. मग पॉइंट्समननंच सांगितलं, "थांबा, अजून एक क्रॉसिंग आहे, रोरो येतेय." १९९९ पासून चालू आहे ही सेवा, वाघिणींवर ट्रक आणि ट्रकमध्ये ड्रायव्हर बसलेले. पोरांनी मागूनच शूट केलं, झेंड्यासकट, आणि दोन-तीन ड्रायव्हरनी मस्त हात पण केला.