जाम घाट, मावशी आणि मागची सीट

बुटक्या बाईसाठी क्रूझरसारखी, म्हणजे खाली सीट असलेली, पाय पुढे ठेवून चालवायची मोटरसायकल, दुसरी गाडी नाही, हे माझं मत कायम आहे. ३५० सीसीची माझी गाडी १९१ किलोंची, पण सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरच. सिग्नलला दोन्ही पाय टेकतात, मग वजनाची धास्ती वाटत नाही. इंदूरच्या रामबागेतून मावशीला घेतलं आणि महेश्वरला निघालो. महूपर्यंत तिनं वाटेतल्या प्रत्येक नव्या कॉलनीची जन्मकथा सांगितली.

जाम गेटला रविवारची जत्रा. होळकरांच्या दरवाजासमोर रीलवाले आणि भुट्ट्याचा धूर, थांबलोच नाही. इथे माळवा संपतो, रस्ता वळणं घेत निमाडात उतरतो, आणि क्रूझरचं सोंग उघडं पडतं.

फूटरेस्ट पुढे, हँडल मागे ओढलेलं: सपाट रस्त्यावर आरामखुर्चीच. पण खड्डा आला की साध्या गाडीवर आपण पायांवर भार देऊन किंचित उठतो. इथे पायच पुढे, उठणार कशाच्या जोरावर? दणका थेट माकडहाडात. सीट खाली हवी म्हणून मागच्या शॉकअपला खालीवर व्हायला जागाही बेताची. पुढचं चाक धरणारा फोर्क तिरका, दोन चाकांत अंतर जास्त. हायवेवर त्यामुळेच गाडी हलत नाही, आणि घाटातल्या उलट्या वळणावर त्यामुळेच लवकर वळत नाही.

"अगं, मी घसरतेय!" ब्रेक दाबला की मावशी माझ्या पाठीवर. तिच्या वाट्याला सीटचा अरुंद तुकडा. शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी आवरत उतरले. खाली आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ही गाडी काढणाऱ्याला मावशी नसावी."

महेश्वरला घाट, किल्ला, अहिल्याबाईंची गादी, दोन साड्या. परतीला मावशी सरळ बसमध्ये बसली.

मी एकटी धामनोदवरून हायवेनं आले, आणि सांगायला लाज वाटते, काय मजा आली! इंजिनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव लांब, आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच. चढावर गिअर उतरवायची घाई नाही. इंजिनची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टमुळे हातांना मुंग्याही नाहीत.

मागची सीट आता सीटकव्हरवाल्याकडे आहे. रुंदी वाढव म्हटलंय. मावशी काल स्वतः जाऊन फोम दाबून आली आणि त्याला म्हणाली, "भिया, अजून दोन बोटं."