घरच्या गॅरेजमधली लिफ्ट: आधी कोबा बघा, मग लोखंड

टेक्सासमधल्या आमच्या गॅरेजच्या कोब्यात, दाराजवळच्या कोपऱ्यात, एक सूचना उमटवलेली आहे: स्लॅब पोस्ट-टेन्शन आहे, कापू नका, भोक पाडू नका. गाडी उचलायची लिफ्ट बसवणारा माणूस मोजमाप घ्यायला आला, तेव्हा टेप काढायच्या आधी त्याने ती वाचली आणि सरळ सांगितलं, "दोन खांबांची लिफ्ट इथे मी बसवणार नाही." हातचं काम जात होतं, तरी त्याचा आवाज जराही डळमळला नाही. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

इथली माती चिकणमातीची. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, थेट आपल्या काळ्या मातीसारखी. म्हणून घराखालच्या स्लॅबमध्ये पोलादी केबल घालतात आणि काँक्रीट घट्ट झालं की त्या ताणून कायमच्या अडकवतात. हीच पोस्ट-टेन्शन स्लॅब. प्रत्येक केबल हजारो किलोंचा ताण धरून बसलेली असते. ड्रिलचं टोक तिला लागलं आणि ती तुटली, तर कोबा फोडून बाहेर येऊ शकते. माणूस जायबंदी होतो आणि घराचा पायाही कमकुवत होतो. रडारने स्कॅन करून केबलच्या जागा शोधता येतात, काही जण तसं करून भोकं पाडतातही. मी त्या वाटेला गेले नाही.

दोन खांबांच्या लिफ्टला भोकं का लागतात, हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक फक्त किती वजन उचलते तेवढंच विचारतात. त्या लिफ्टमध्ये गाडी खांबांतून बाहेर आलेल्या चार हातांवर तोललेली असते. वजन खांबांच्या रेषेत नसतं, म्हणून खांब सतत कलू पाहतात, आणि त्यांना धरून ठेवतात ते पायथ्याचे अँकर बोल्ट. बोल्टची ताकद म्हणजे शेवटी काँक्रीटची ताकद. बऱ्याच लिफ्टच्या माहितीपुस्तिकेत किमान ४ इंच जाडी आणि ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला ३००० पौंड दाब सोसणारं) काँक्रीट मागितलेलं असतं. आपल्या हिशेबात साधारण एम-२५ दर्जाचं. नवा कोबा घातला असेल तर २८ दिवस थांबायचं. भेगेजवळ किंवा सांध्याजवळ बोल्ट घ्यायचा नाही. कोबा किती जाड आहे हे वरून कळत नाही, आणि घर बांधणाऱ्याच्या शब्दावर गाडीखाली उभं राहू नये.

धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, एवढं लोखंड घरात कशाला? सर्व्हिसिंगला टाक की गाडी." त्याला हे पटणं अवघड आहे. इथे ब्रेक पॅड बदलायचे म्हटले तरी मजुरी सुट्या भागांपेक्षा जास्त होते, आणि मला हे काम स्वतःच्या हाताने करायला आवडतं. आवडतं, हे कारण पुरेसं आहे असं मला वाटतं.

एका शेजाऱ्याने मला एक व्हिडिओ दाखवला: आपल्याकडचा मेकॅनिक, एक जॅक, चाकाला दगड, आणि खाली सतरंजी टाकून आडवा झालेला माणूस. तो हसत होता. मला राग आला. त्या माणसाकडे साधन नाही, कसब आहे. आवाजावरून बेअरिंग ओळखणारे लोक मी इथे फार पाहिले नाहीत. पण हेही खरं, की जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आणि आपल्या वर्कशॉपमधल्या खड्ड्यांतही धोका असतो: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. कसबाचा अभिमान बाळगताना त्या माणसाच्या डोक्यावर दीड टन तोललेलं आहे हे विसरायला नको.

आम्ही शेवटी चार खांबांची लिफ्ट घेतली. गाडी दोन पट्ट्यांवर चाकांनिशी उभी राहते, वजन चार पायांतून सरळ खाली जातं, त्यामुळे घरगुती मॉडेलपैकी बरीच बोल्टशिवाय उभी राहतात. आता उंचीचा हिशेब. सेडान साधारण ५७ इंच उंच. खाली एक, वर एक आणि मधल्या पट्ट्यांची जाडी धरली तर १० फूट लागतातच. छताला लटकलेलं दार उघडायचं मशीन नेमकं आड येतं. ते भिंतीवर, दाराच्या बाजूला बसवायचा प्रकार मिळतो.

लिफ्ट घेताना एएलआयचं सोनेरी लेबल पाहावं. एएलआय म्हणजे ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट, लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्यांची संस्था. प्रमाणपत्र त्रयस्थ प्रयोगशाळेत चाचणी झाल्यावरच मिळतं. "एएलआयच्या मानकांप्रमाणे बनवलेली" असं छापणारे विक्रेते भेटतात, त्या वाक्याला काही अर्थ नाही. संस्थेच्या यादीत नेमकं मॉडेल शोधा. हा तपास मी हट्टाने केला आणि करायला लावीन, कारण कामाच्या जागी सरकारी सुरक्षा नियम लागू असतात. घरच्या गॅरेजमध्ये मी स्वतःच मालक आणि स्वतःच निरीक्षक.

हाच नियम सोबतच्या वस्तूंना. त्या लिफ्टसाठी तपासलेली नसलेली वस्तू जोडली की प्रमाणपत्र उरत नाही. दोन पट्ट्यांमध्ये सरकणारा रोलिंग जॅक सगळ्यांत महत्त्वाचा, कारण चार खांबांवर चाकं टेकलेली असतात. तो नसेल तर चाकं काढता येत नाहीत आणि ब्रेकचं काम अडतं. तेल-चिखल झेलणारे ड्रिप ट्रे दुसरे: वरच्या गाडीतून गळालेलं तेल खालच्या गाडीच्या रंगावर नको. लिफ्ट ढकलायच्या चाकांचा संच मिळतो, तो रिकाम्या लिफ्टसाठीच. वर गाडी असताना ढकलायची नाही. दोन खांबांची लिफ्ट ज्यांना शक्य आहे त्यांनी ट्रकच्या चासीखाली लावायचे उंचवटे आणि रबरी पॅड यांवर पैसे वाचवू नयेत.

आणि वापरताना: गाडी वर नेली की काम सुरू करायचं नाही. आधी लिफ्ट लॉकवर उतरवायची, चारही खांबांचे लॉक बसलेत का हे स्वतः फिरून बघायचं. हायड्रॉलिक तेल गाडी वर नेतं, पण काम चालू असताना तिला धरून ठेवायचं ते लॉकने. लिफ्टच्या केबलचा एखादा धागा सुटलेला दिसला तर लिफ्ट त्याच दिवशी बंद.

भावाला फोटो पाठवलेत. त्याचा पहिला प्रश्न होता, कोब्यात भोकं पाडलीस का?