बोरन्हाणाची ऑर्डर

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आम्हा फोटोग्राफरांना लग्नांच्या खालोखाल काम मिळतं ते बोरन्हाणांचं. यंदाची एक ऑर्डर सांगलीतच, विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये होती. मुलगी पावणेदोन वर्षांची. काळं परकर-पोलकं, अंगावर हलव्याचे दागिने: बिंदी, हार, बांगड्या, कंबरपट्टा. मागे पतंग, थर्माकोलची अक्षरं, भोवती एलईडीच्या माळा. सगळी तयारी फक्कड होती, पोरगी तेवढी तयार नव्हती.

मी लग्नात उभा राहतो तसाच उभा राहून, फ्लॅश लावून सुरू झालो. पहिल्या फ्लॅशला तिचा ओठ थरथरला, दुसऱ्याला भोंगा. माझ्या पाठीमागे मामी खुळखुळा वाजवतायत, आत्या टाळ्या पिटतायत, आजोबा मोबाइल उंच धरून "चिऊ, इकडे बघ, इकडे!" सहा माणसांचे सहा 'इकडे'. शेवटी तिने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

कॅमेऱ्यात पाहिलं तर काळं परकर राखाडी आणि हलवा पांढराफटक, दाणा म्हणून दिसेना. फ्रेमभर काळं असलं की कॅमेऱ्याला उजेड कमी वाटतो आणि तो आपणहून फोटो उजळ करत जातो. अशा वेळी एक्स्पोजर उणे एक करायचं, हे मी अठरा वर्षं करतोय. त्या रडारडीत विसरलो. बरं, यात पोरीचा काय दोष?

फ्लॅश काढून बॅगेत टाकला. बाल्कनीच्या दारातून दुपारी चारचा छान मऊ उजेड येत होता. "पाट इथे घेऊया का?" म्हटलं, तशी मामींची मान फिरली. सजावट त्यांनी रात्री जागून केली होती. तिच्यासमोर नंतर दोन फोटो काढायचं कबूल केलं, तरी एक माळ ओढून त्यांनी पाटामागे लावलीच.

मग मी कॅमेरा मांडीवर ठेवून खाली फतकल मारली आणि परातीतले चुरमुरे खायला लागलो. चिऊकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादा, फोटो?" तिच्या आईने हळूच विचारलं.

"पाच मिनिटं, ताई. आणि सगळ्यांना म्हणावं, मोबाइल खाली."

रडणं हुंदक्यांवर आलं. मग तिने बांगडीतला एक दाणा खुडला, जिभेवर ठेवला. हलव्याचा काटा टोचला असावा. तोंड वाकडं करून तिने तो बाहेर काढला, निरखला, पुन्हा तोंडात. दुसऱ्यांदा काढला तो ओला, चिकट दाणा सरळ माझ्यापुढे धरला. खाल्ला. धंद्यात असं खावं लागतं. पुढच्या दहा मिनिटांत ती माझ्या लेन्सला नाक लावून आत बघत होती.

आता ओतायची वेळ. आजींना म्हटलं, आधी नुसते चुरमुरे ओता. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे मागून. डोक्यावर टणक काही बसलं की मूल दचकतं, मग सगळा खेळ पहिल्यापासून. शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर होतं, तेवढ्यात पडतं बोर इंचभर खाली सरकतं आणि फोटोत नुसती रेघ उरते. एक हजारांशावर नेलं, उजेड कमी पडू नये म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 3200 केली. तर फोटोत आडवे पट्टे! मामींची माळ. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधी एलईडी माळ सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटर मात्र पकडतं. माळ बंद करायला सांगितली. मामी त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत.

चुरमुरे पडले, बोरं पडली आणि बिल्डिंगमधली पोरं लुटायला तुटून पडली. चिऊ थक्क. आपल्या डोक्यावरून पडलेलं हे लोक घेतायत! ती पाटावरून उतरली आणि चारी हातपायांवर गर्दीत शिरली. मी सतरंजीवर पालथा, लेन्स जमिनीपासून वीतभर वर, कोपराखाली एक बोर चिरडलेलं. कंबरपट्टा तुटला, बिंदी कानावर आली, दोन्ही मुठींत बोरं आणि गालात करवा. त्या दोन मिनिटांत माझं त्या दिवसाचं काम झालं.

निघताना आजींनी जुना अल्बम आणला. चिऊच्या आईचं बोरन्हाण, छत्तिसाच्या रोलमधले तीन फोटो, रंग लालसर पडलेले. तिन्हींत ती रडतेय.

"हिचा रडतानाचा आहे ना तुमच्याकडे? तो मोठा करून द्या," आजी म्हणाल्या.

मी तो राखाडी परकराचा, फ्लॅशचा फोटो तासभर बसून दुरुस्त केला. परकर काळं झालं. हलव्याचे दाणे मात्र गेले ते गेलेच. अल्बम आठवड्यात दिला. पैसे मिळाले. फक्त कॅमेऱ्याच्या बॅगेला मुंग्या लागल्या होत्या. शोधलं तर लेन्सच्या हूडमध्ये हलव्याचे तीन दाणे निघाले.