तारकर्ली सोडून थोडं खाली

तारकर्लीला गर्दी वाढली की आम्ही कर्लीच्या खाडीपलीकडे, भोगव्याला जातो. निवतीच्या किल्ल्याच्या पडक्या तटावरून भोगव्याची ती लांबच लांब वाळूची पुळण बघायची, तेही सकाळी. दुपारी जांभा दगड नुसता भाजून काढतो. हवा स्वच्छ असेल तर समुद्रातल्या खडकांवरचं दीपगृहही दिसतं. खाली कातळांच्या मधे निवतीचा छोटा किनारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर नवरा पोहणं विसरतो आणि मी बांगडा माशांचा भाव विचारते. कोंडुऱ्याच्या किनाऱ्यावर मात्र मी फक्त घोटे भिजवते, खडक फार. पुढे शिरोडा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो हाच गाव. तिथल्या वेळागर किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत डबा उघडा. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका.