एवढ्या ओळखी केल्या कशा? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, बारशाला, परवा तर एका दहाव्याला घाटावर, कुणीतरी मला बाजूला घेतंच. "दादा, पोरानं मशीन घेतलंय, हप्ते सुरू झालेत, पण काम नाही. तुमच्या एवढ्या ओळखी. त्या केल्या कशा?" दहाव्याला काय सांगणार? कावळा शिवला, पांगापांग झाली, उत्तर राहून गेलं. म्हणून इथे लिहितो.

भोसरी एमआयडीसीत माझा जॉबवर्कचा, म्हणजे कंपन्यांना मशीनचे सुटे भाग करून द्यायचा गाळा आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, एक म्हातारं लेथ आणि मला धरून नऊ माणसं. 2004 साली सुरुवात केली तेव्हा फक्त ते लेथ होतं, आणि तेही सेकंडहँड. मी आयटीआय टर्नर. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची, अजूनही पडते. तेव्हा हा माणूस बोलका म्हणून त्याच्या ओळखी झाल्या, हा समज आधी काढून टाका.

पहिल्याच महिन्यात पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. प्रदर्शनांत वाटली, कंपन्यांच्या गेटवर वॉचमनकडे दिली, एकदा तर परचेसच्या (खरेदी खात्याच्या) साहेबांच्या स्कूटरच्या हँडलला अडकवली. त्यातून एक फोन आला. विमा एजंटचा. उरलेल्या कार्डांचे गठ्ठे लेथच्या टूलखाली पॅकिंगला लावून बघितले, पण कागद दबतो, सेटिंग हलतं. तोही उपयोग झाला नाही.

खरी सुरुवात हीट ट्रीटमेंटवाल्या, म्हणजे पार्ट भट्टीत तापवून टणक करून देणाऱ्या काकांच्या टेबलापाशी झाली.

आमच्याकडे एक पार्ट एका गाळ्यात पुरा होत नाही, हे बाहेरच्याला माहीत नसतं. बार एकाकडे कापतात, टर्निंग दुसऱ्याकडे, स्लॉट तिसऱ्याकडे, मग हीट ट्रीटमेंट, मग ग्राइंडिंग, मग प्लेटिंग. टर्निंगवाले गल्लोगल्ली आहेत, भट्ट्या मात्र मोजक्या. त्यामुळे सगळ्यांचे जॉब फिरून फिरून त्याच चार टेबलांवर येऊन पडतात. कोण बर (कापताना कडेला राहणारी धारदार कुसळं) न काढता माल पाठवतो, कोणाच्या क्रेटमध्ये शंभर म्हणून सत्त्याण्णव निघतात, कोण ईएन-8 चा स्वस्त पोलादी बार ईएन-24 म्हणून खपवतो आणि मग हार्डनेस आला नाही म्हणून वर भांडायला येतो, हे सगळं भट्टीवाल्याला तोंडपाठ असतं. सांगत नाही कुणाला, विचारल्याशिवाय. पण परचेसवाले त्यालाच विचारतात.

2005 च्या थंडीत चाळीस पिनांचं एक काम मिळालं होतं. मटेरियल 20एमएनसीआर5 नावाचं पोलाद, एका टोकाला एम 16 चे आटे. टर्निंग करून, कडा मोडून, दहा-दहाचे जुडगे तारेनं बांधून मी स्वतःच सायकलवरून घेऊन गेलो, कारण पाठवायला पोरगा नव्हता. रात्रीचे आठ वाजले असतील. काकांनी एक पिन उचलली, कडेवरून अंगठा फिरवला, आट्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "आटे सॉफ्ट ठेवायचे ना?"

मला कळलंच नाही. ड्रॉइंगवर नुसतं केस डेप्थ (टणक थराची जाडी) 0.8 ते 1.0 आणि 58-60 एचआरसी (टणकपणाचं माप) लिहिलं होतं, आट्यांबद्दल अक्षर नव्हतं. "माहीत नाही काका," म्हणालो. त्यांनी मग दोन वाक्यांत समजावलं. केस हार्डनिंगला जॉब नऊशे अंशांच्या आसपास कार्बनमध्ये तासन्‌तास ठेवतात आणि तेलात विझवतात. वरचा थर टणक होतो, आतला गाभा चिवट राहतो. पण आट्याच्या टोकाला गाभा कुठून येणार? तिथे दोन्ही बाजूंनी कार्बन शिरतो, आख्खा आटा ठिसूळ होतो आणि नट आवळला की खापरी उडते. म्हणून आट्यांना आधी पेस्ट फासतात, कार्बन आत जाऊ नये म्हणून.

माझ्या मोबाइलमध्ये बॅलन्स नव्हता. काकांनी टेबलावरचा लँडलाइन पुढे सरकवला. पार्टीच्या इंजिनिअरला जेवणावरून उठवलं. तोही गडबडला, म्हणाला, "थांबा, विचारतो." अर्ध्या तासानं फोन आला, आटे सॉफ्टच हवेत, ड्रॉइंगवर लिहायचं राहिलं होतं. तो अर्धा तास काकांनी मला चहा पाजला आणि एकही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी एक गृहस्थ माझा गाळा शोधत आले. हातात एक तुटका शाफ्ट. "भट्टीवाले म्हणाले, तुमच्याकडे जा. माहीत नसेल तर तुम्ही विचारता म्हणे." माझं मशीन चांगलं आहे, रेट कमी आहे, असं काही काकांनी सांगितलं नव्हतं. त्या रात्री "माहीत नाही" म्हणालो, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. पुढच्या दोन वर्षांतली माझी सहा गिऱ्हाइकं त्या एका टेबलावरून आली. मी तिथे काम मागायला एकदाही गेलेलो नाही. जॉब घेऊन गेलो, दर वेळी बर काढून, मोजून, ग्रेडची चिठ्ठी बांधून.

तेव्हा पोरानं मशीन घेतलंय म्हणता, तर त्याला विचारा, तुझ्या लाइनीत सगळ्यांचं काम येऊन थांबतं ती जागा कुठली? आमच्याकडे भट्टी, ग्राइंडिंगवाला, टूलचं दुकान. केटरिंगमध्ये मंगल कार्यालयाचा मॅनेजर आणि भांडी भाड्यानं देणारा. शिवणकामात काज-बटणवाला. ह्या माणसांच्या हातात ऑर्डर नसते म्हणून त्यांना कुणी कार्ड देत नाही. टेम्पोवाल्यालाही देत नाहीत, आणि कोणत्या गेटवरून कुणाचा माल रिजेक्ट होऊन परत चाललाय हे आख्ख्या एमआयडीसीत त्याला सगळ्यांत आधी कळतं.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं मी साधुपणाचा आव आणतोय. एकदा पितळी बुशांची चौकशी आली. महिन्याला पाच हजार नग. मी आनंदानं अर्धी रात्र जागून हिशेब केला, आणि पहाटे लक्षात आलं की एका लेथवर हे काम घेतलं तर मी मरेन आणि पार्टीही मरेल. मागच्या गल्लीत अण्णांकडे चार ट्रॉब (लहान पार्ट झपाट्यानं काढणारी ऑटोमॅटिक लेथ) होत्या, हे काम ट्रॉबचंच. त्यांचा नंबर दिला. अण्णांनी नंतर पाकीट पुढे केलं. मी घेतलं नाही. खरं सांगायचं तर घ्यायची लाज वाटली, त्यात कसला हिशेब नव्हता. दीड वर्षानं अण्णांच्या एका गिऱ्हाइकाला आठ मोठे शाफ्ट करून हवे होते, ते ट्रॉबवर होत नाहीत. त्यांनी माझं नाव सांगितलं. ती पार्टी आज माझ्या उलाढालीचा तिसरा हिस्सा आहे.

यावरून एक मत झालंय. नेटवर्किंगचे, म्हणजे ओळखीतून एकमेकांना काम द्यायचे जे क्लब असतात, त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी पाहुणा म्हणून जाऊन आलो. त्यांतलं बीएनआय 1985 मध्ये अमेरिकेत सुरू झालं, आता आपल्याकडेही गावोगाव त्याचे गट आहेत. आठवड्याला एक मीटिंग, बहुधा भल्या सकाळी, आणि एका गटात एका धंद्याचा एकच माणूस. फोटोग्राफर, इंटेरियरवाला, सीए यांना ही व्यवस्था उत्तम जमते, ओळखीतल्या दोघांना तिथून घर चालेल एवढं काम मिळालंय. पण माझी गिऱ्हाइकं आली ती माझ्याच धंद्यातल्या माणसांकडून. एकाची मशीन लहान, दुसऱ्याची भरलेली, तिसऱ्याचा ऑपरेटर गावाला गेलेला. ज्या खोलीत दुसरा टर्निंगवाला येऊच शकत नाही, तिथे मी काय करू? सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या बैठकांत निदान दोन टर्नर शेजारी बसून एकमेकांची उणीदुणी काढू शकतात. उणीदुणी काढता काढताच कळतं कुणाकडे काय मशीन आहे.

आमच्या जॉबवर्कवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सुप्रभातचे फुलवाले फोटो टाकायला बंदी. रात्री अकराला मेसेज पडतो, "ईएन-24, 65 डाय, 300 लांब, अर्जंट, कुणाकडे तुकडा?" आणि दहा मिनिटांत कुणीतरी लिहितं, "आहे. सकाळी घेऊन जा." पैशाचं नंतर बघतात. मी तिथे मागितलंय त्यापेक्षा जास्त वेळा दिलंय, असं मला वाटतं. ग्रुपमधल्या प्रत्येकालाच तसं वाटत असणार.

ओळखीचा दुसरा उपयोग कुणी विचारत नाही. काम टाळण्याचा. 2012 मध्ये मी एका पार्टीचं काम कुणालाही न विचारता घेतलं. ऑर्डर मोठी होती, आणि विचारलं तर दुसरा पळवेल अशी भीती. तीन लाख ऐंशी हजार अडकले, त्यातले सव्वा लाख आजही आलेले नाहीत. नंतर चहाच्या टपरीवर विषय निघाला तर चौघेजण एकदम म्हणाले, "अरे, त्यांच्याकडे कशाला गेलास?" चौघांचे पैसे तिथेच बुडाले होते आणि चौघंही लाजेनं गप्प होते.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2023 च्या अर्थसंकल्पातून आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म-लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा धरता येत नाही. त्यानं थोडा फरक पडला, मार्चमध्ये, वर्ष संपायच्या आत पैसे चुकते करायला पार्ट्यांचे फोन यायला लागले. पण तक्रार करायची म्हणजे व्हेंडर कोडवर, म्हणजे त्या कंपनीच्या कामावरच पाणी सोडायचं, म्हणून सहसा कुणी करत नाही. माझा कायदा तेव्हापासून साधा आहे. नवीन पार्टी आली की तीन गाळ्यांत फोन: "पेमेंट कसंय?" समोरचा "ठीकंय" म्हणाला तर घ्यायचं. "बघ बाबा" म्हणाला तर नाही.

खंडेनवमीला मात्र मी मुद्दाम फिरतो. त्या दिवशी प्रत्येक गाळ्यात मशीन पुसून, हार घालून, व्हर्नियर-मायक्रोमीटर पाटावर मांडलेले असतात, आणि कुणाच्याही गाळ्यात बिनकामाचं शिरता येतं. पेढा घ्यायचा आणि नवीन मशीन बघायचं. वीसेक गाळे होतात. संध्याकाळी साखरेनं तोंड कडू होतं.

तर दहाव्याला विचारणाऱ्या त्या गृहस्थांच्या मुलाला मी गेल्या गुरुवारी बोलावलं. गुरुवार आमचा रविवार, पण भट्टीला गुरुवार नसतो. त्याला काकांकडे घेऊन गेलो. काकांनी सत्तरी ओलांडलीय, कारभार मुलगा बघतो, पण टेबल अजून त्यांचंच आहे. पोरगा हुशार, नवी सीएनसी, इस्त्रीचा शर्ट. त्यानं आल्या आल्या खिशातून कार्ड काढून पुढे केलं. काकांनी ते घेतलं नाही. त्याच्या पिशवीतून डोकावणारा सॅम्पल जॉब उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कडेवरून सावकाश अंगठा फिरवला.

"बर आहे," म्हणाले.

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. काकांनी ड्रॉवर उघडून कानस काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.