ई-पास, एसटी आणि दहा दिवसांचा हिशेब

ऑगस्ट २०२०, करोनाचे दिवस. आम्ही राहायला डोंबिवलीत, गाव कणकवली तालुक्यात आणि चतुर्थी २२ तारखेला. जिल्हा ओलांडायचा तर ई-पास, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी हवी, म्हणून ऑनलाइन अर्ज भरला. गाडीचा नंबर, सोबत कोण कोण, जाण्यायेण्याच्या तारखा, डॉक्टरचा दाखला. टोकन नंबर मिळाला आणि मग रोज उठून तो टाकून बघणं सुरू झालं. प्रवासाचं कारण म्हणून मी सरळ 'गणपती' लिहिलं होतं. अर्ज नामंजूर. त्यामुळेच की आणखी कशामुळे, कळलं नाही. पैसे घेऊन पास काढून देणाऱ्या एकाचा नंबरही कुणीतरी पाठवला. बाबांनी तो समोर उभं राहून डिलीट करायला लावला.

तेवढ्यात एसटीची घोषणा झाली. चाकरमान्यांसाठी खास गाड्या, एका गाडीत २२ माणसं आणि ई-पासची गरज नाही. मात्र १२ ऑगस्टच्या आत पोचायचं आणि १० दिवस विलगीकरणात राहायचं. १२ नंतर निघणाऱ्याला आधी ४८ तासांतली कोविड चाचणी करून घ्यायची. स्वतःच्या गाडीतल्या चौघांना पास लागत होता आणि एसटीतल्या बावीस जणांना लागत नव्हता, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. पण तेव्हा ते सोडवत बसायला वेळ कुणाला होता! वाडीतली डोंबिवली-दिव्याकडची मंडळी व्हॉट्सॲपवर गोळा केली आणि अख्खी गाडीच बुक केली.

सरकारची परवानगी अशी झाली. गावाची अजून बाकी होती, आणि खरी तीच. करोनाच्या काळात गावात कोण येतं-जातं यावर लक्ष ठेवणाऱ्या ग्राम कृती दलात आमचाच चुलतभाऊ. फोनवर एरवी तासभर गप्पा मारणारा, यावेळी एका वाक्यात आटोपला: "येवा, पण धा दिवस खळ्याच्या भायर पाय टाकूचो नाय." खळं म्हणजे अंगण. राग आला. पण घरात ऐंशीच्या पुढची आजी, आणि आम्ही येणार मुंबईच्या बाजूने. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

१० तारखेला रात्री निघालो. गाडी जेवायला थांबणार नव्हती, म्हणून डबे घरचेच. कशेडीला आणि पुढे खारेपाटणला तपासणी, नावनोंदणी. पाऊस धो धो, आणि मास्क ओला झाला की श्वास घेणं कठीण.

उतरलो ते थेट मांगरात, म्हणजे घरापासून वेगळ्या खोपटात. काकीने तो सारवून ठेवला होता. जेवण पायरीवर ठेवून ती लांब उभी राहायची आणि तिथूनच सगळ्या गावाच्या बातम्या सांगायची. वाद झाला तो दहा दिवस मोजण्यावरून. आल्याचा दिवस धरायचा की नाही? धरला तर २१ च्या सकाळी सुटका, म्हणजे माटवी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायला आम्ही मोकळे. नाही धरला तर चतुर्थीच्या सकाळीच बाहेर. दलाची बैठक झाली, भावाने आमच्याविरुद्ध मत दिलं, आणि माटवी त्याने एकट्याने बांधली. थोडी तिरकी झाली होती, हे मी त्याला सांगितलंच.

मजा म्हणजे आम्ही मांगरात असतानाच, २० ऑगस्टपासून साधी एसटी जिल्ह्याबाहेर सुरू झाली, तीही पासाशिवाय. गौरी-गणपतीचं विसर्जन करून आम्ही तिनेच परतलो. स्वतःच्या गाडीने आलेले शेजारी मात्र तेव्हा परतीच्या पासासाठी रेंज शोधत सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, फिरत होते.